करंट सोमवारी येणार होता

“या खांबांवर तारा कधी चढणार?” असं मी विचारलं, तेव्हा निंभारीचे सरपंच अण्णाजी गावंडे पोट धरून हसले.

“तारा? साहेब, हे खांब रोवले तवा माह्या नातीचं बारसं होतं. आता थे पोट्टी शाळेत जाते. या खांबांचा उपयोग येकच, बकऱ्या बांधाले.”

आजूबाजूचे लोकही हसले. मीही हसलो. खरोखरच दोन खांबांना बकऱ्या बांधलेल्या होत्या.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. यवतमाळकडच्या कपाशीवर त्या वर्षी बोंडअळी अशी पडली होती, की हातपंपानं फवारून काही होईना. म्हणून विमानं मागवली होती. मी नागपूरचा, मुकुंद हरदास. वय सव्वीस, अंगात रग, आणि एका खासगी कंपनीत फवारणीच्या विमानाचा पायलट. एकट्यापुरतं विमान. नाकापाशी औषधाची मोठी टाकी, तिच्यामागे मी. सकाळी वारा पडलेला असतो तेवढ्यात काम उरकायचं. बैलगाडीवर उभा राहिलेला माणूस जेवढा उंच दिसेल, तेवढ्याच उंचीवरून कपाशीच्या डोक्यावरून विमान काढायचं, शेत संपलं की नाक वर करायचं, वळायचं, परत यायचं. कुठून कुठवर फवारलं ते कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना गावातल्या बाया पांढरे झेंडे घेऊन उभ्या असत. माझी एक फेरी झाली की झेंडेवाली काही पावलं सरकून पुन्हा उभी.

आमच्या धंद्यात इंजिनाला कुणी फारसं भीत नसे. भ्यायचं ते तारेला. खांब लांबून दिसतो, तार दिसत नाही. म्हणून नव्या गावात गेलं की आधी जीपनं फिरून तारा पाहायच्या, असा माझा शिरस्ता होता. निंभारीत पाहायला तारच नव्हती. नुसते खांब. मी मनाशी हिशेब बांधला, की पूर्वेकडच्या शेतात दोन खांबांच्या मधून आरपार जायचं, वर उठायची गरज नाही.

पहिला दिवस पश्चिमेकडची शेतं फवारण्यात गेला. त्यानंतर दोन दिवस वारा सुटला आणि आम्ही आठ मैलांवरच्या आमच्या धावपट्टीवर तंबूत पत्ते खेळत बसलो. तेवढ्या अवधीत निंभारीत काय घडलं, ते मला नंतर कळलं. कुणी मंत्री सोमवारी त्या भागात येणार होते. त्यांच्या हातून गावात दिवा लावायचं ठरलं, आणि वर्षानुवर्षं न हललेलं वीज खातं एकदम हललं. तारांची बंडलं आली, माणसं आली, आणि बकऱ्या सोडून खांबांवर तारा चढल्या. मला कुणी सांगितलं नाही. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. अण्णाजी पुढे डोळे पुसत म्हणाले, “आमाले वाटलं, वरून जाणाऱ्याले खालचं सारंच दिसत असन.”

तिसऱ्या दिवशी वारा पडला. इस्माईल, माझा मेकॅनिक, झेंडेवाल्यांना जागा दाखवायला पहाटेच जीप घेऊन पुढे गेला होता. अंधारात तारा त्याच्याही नजरेस पडल्या नाहीत. मी मागून विमान उडवलं. पहिली फेरी खांबांच्या अलीकडून, पश्चिमेकडे तोंड करून झाली. वळलो, तो सूर्य समोर. कोवळं ऊन असलं तरी डोळ्यांत सरळ शिरत होतं. दूरच्या बांधावर झेंडा दिसला म्हणून मी विमान खाली घेतलं.

त्या टोकाला सगुणाबाई ठोंबरे उभी होती. पहिल्या दिवसापासून ती आमच्याकडे होती. चाळिशीची, उंच, झेंडा असा ताठ धरायची, की इस्माईल तिला ‘फौजदारीण’ म्हणायचा. त्या दिवशी मात्र तिचा झेंडा आडवातिडवा हलत होता. मला वाटलं, वारा उठला की काय पुन्हा.

तेवढ्यात विमानाला कुणीतरी मागून गच्च धरल्यासारखा हिसका बसला. डोळ्यांपुढे निळसर काही चमकलं. की मला तसं वाटलं? आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मग कपाशी, आभाळ, कपाशी. आणि एकदम शांतता.

शुद्ध गेली नव्हती. विमान पोटावर बसलं होतं, डावा पंख मोडून वर आला होता. अंगावर औषधाचा उग्र वास, आणि त्या वासाखालून हळूहळू वर येणारा पेट्रोलचा वास. मी पट्टे सोडले आणि उठायला गेलो, तर उजवा पाय हलेना. पायाखालचा पत्रा वाकून घोट्यापाशी चावून बसला होता. पंखावरून एक तार लोंबत होती. ती पुढे कपाशीत शिरून बांधाकडे गेली होती.

“मुकुंदभाई!” इस्माईलचा आवाज. तो बांधावरून धावत येत होता, हातात जीपमधलं आग विझवायचं लाल नळकांडं. “घाबरू नको! आलोच मी!”

“लवकर ये!” मी ओरडलो. “पाय अडकलाय. पेट्रोल गळतंय!”

आणि तेव्हाच बाजूच्या ओळीतून सगुणाबाई आली आणि तिनं इस्माईलच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली पाडलं. पाडलं म्हणजे अक्षरशः आडवं केलं. नळकांडं एकीकडे, तो एकीकडे.

“जाऊ नोका!” ती किंचाळली. “तारेत करंट हाय! साहेब, तुमी बी हालू नोका, बसून राहा जी!”

“अगं बाई, सोड!” इस्माईल धडपडत होता. “तो जळून मरेल!”

तोवर अण्णाजी आणि पाच-सात माणसं पोचली होती. अण्णाजी दम खात म्हणाले, “सगुणे, सोड त्याले. याड लागलं का तुले? करंट कोठचा? करंट सोमवारी येनार हाय. मंत्रीसाहेब बटन दाबतीन तवा.”

“हाय म्हनतो ना मी!”

“तुले कसं माहीत?”

तिनं मान फिरवली. इस्माईलला मात्र सोडलं नाही.

मी ते सगळं वीस-पंचवीस हातांवरून पाहत होतो. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा संताप आला. मरण समोर आल्यावर माणसाला शहाणपण सुचत नाही, सुटका सुचते. सरपंच सांगतायत करंट नाही, खात्याची माणसं त्यांना सांगून गेलीत. पेट्रोलचा वास तर मला खोकला आणत होता. मी पुन्हा ओरडलो, “इस्माईल, ये रे! मेलेली तार आहे ती!”

इस्माईलनं जोर लावला आणि तो सुटला. उठून दोन ढांगा टाकल्या असतील. सगुणाबाई मातीत तशीच बसून राहिली आणि ओरडली. त्या ओरडण्यात आता हुकूम नव्हता.

“काल माह्या घरी लाईट लागला होता!”

इस्माईल थांबला. सगळेच थांबले.

“काय म्हनतं?” अण्णाजींनी विचारलं.

“माह्या देविदासनं लावला.” ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर कधीच पडला होता, तो तिनं सावरला नाही. “काल दिवस बुडल्यावर आला. म्हने, माय, सोमवारी सारं गाव पाहीन, तू आज पाहून घे. सडकेवर सगळ्या लाईनचा खटका हाय, त्याच्या पेटीची किल्ली त्याच्यापाशी असते. तिकडून चालू करून आला, घरात दिवा लावून देला.”

देविदास तिचा एकुलता एक मुलगा, वीज खात्यात रोजंदारीवर वायरमन. लवकरच कायम होईल अशी आशा होती. बाप लहानपणीच गेला होता. लोकांच्या शेतात राबून तिनं त्याला यवतमाळला शिकवलं होतं. हे सारं गावाला माहीत होतं. न विचारता लाईन चालू केली, हे खात्याच्या साहेबांच्या कानी गेलं तर पोराची नोकरी गेलीच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“मग त्यानं बंद नाई केली?” अण्णाजींनी हळू आवाजात विचारलं.

“रातीच करनार होता. मीच म्हनलं, राहू दे सकाळलोक.” तिचा आवाज फाटला. “रातभर झोपली नाई मी अण्णाजी. घर पाहत बसली. चिमनीच्या उजेडात घराचा येक कोपरा दिसे, दुसरा नाई. काल सारं घर येकाच टायमाले पाह्यलं. कोंबडा आरवला तसा थो सायकल घेऊन निंगाला, बंद कराले. पोचला का नाई पोचला, मले नाई माहीत.”

आता मला कळलं की ती इतका वेळ गप्प का होती. देविदास सडकेवर पोचला असता तर तार मेलेली होती, आणि तिनं तोंड उघडलं नसतं तरी काही बिघडणार नव्हतं. पोचला नसता, तर इस्माईल मेला असता. एवढं सगळं तिला त्या मातीत झटापट करता करता ठरवावं लागलं होतं.

अण्णाजींनी उगाच कुणाला बोल लावला नाही. “जीप काढा रे! सडकेवर जा, देविदास भेटला तर ठीक, नाईतर कुलूप फोडा.” जीप धुरळा उडवत गेली. पण मधे नाला होता, रस्ता वळणाचा.

मग कपाशीत चर्र असा आवाज आला. दवानं ओल्या झालेल्या झाडांवर तार पडली होती, तिथून पांढरा धूर निघत होता.

“या अल्ला,” इस्माईल म्हणाला आणि दोन पावलं मागे आला. ज्या तारेकडे तो धावत होता, ती जिवंत होती.

मी पत्र्यावर टेकलेला हात उचलून पोटाशी घेतला. त्यानं काही फरक पडणार नव्हता, तरी घेतला. जोवर मी आत बसून होतो, तोवर करंट मला शिवणार नव्हता. बाहेरून कुणी मला धरलं असतं, तर तो मात्र गेला असता. हे आम्हाला शिकवलेलं होतं. त्या सकाळी ते मला आठवलं नव्हतं, कारण करंट नाही असंच मी धरून चाललो होतो.

“साहेब,” सगुणाबाई लांबून म्हणाली, “घर कोठी तुमचं?”

“नागपूरला. महालात.”

“माय हाय?”

“आहे.”

“मंग बसा निवांत. येईल थो. माहा पोरगा हाय, येनारच.”

मी बसलो. दुसरं करणार काय? ती बोलत राहिली. आईचं नाव काय, बहिणी किती, लग्न का केलं नाही अजून. मी उत्तरं देत होतो. मधूनच खोकत होतो. सगळं गाव बांधावर उभं राहून आमचं बोलणं ऐकत होतं, जणू आम्ही ओट्यावर बसलो आहोत.

तेवढ्यात तार टेकलेल्या पलीकडच्या बांधावर वाळल्या गवतानं पेट घेतला. ज्वाळा मोठ्या नव्हत्या, पण विमानाकडेच सरकत होत्या. लोकांनी एकच गिल्ला केला. कुणी म्हणे माती टाका, कुणी म्हणे जवळ जाऊ नका. त्या गलक्यात तारेचा चर्र आवाज अजून येतोय की थांबलाय, काही कळेना. धूर होता, पण तो आता गवताचाही असू शकत होता.

“आवाज बंद झाला,” कुणीतरी म्हणालं.

“नाई झाला,” दुसरा म्हणाला.

इस्माईलनं नळकांडं उचललं. “मी जातो. आता नाही गेलो तर संपलंच.” त्याला घरी दोन लेकरं होती आणि तिसरं येणार होतं. तरी त्यानं पाऊल उचललं.

सगुणाबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं.

“तुमी थांबा. बंद झाली तार. देविदास पोचला.”

“तुला कसं कळलं?”

“माह्या पोराचं मले नाई कळनार?” ती ठणकावून म्हणाली. “मी हात लावतो. मग या.”

आणि ती निघाली. पळत नाही, चालत. कपाशीची झाडं दोन्ही हातांनी बाजूला करत. अण्णाजी “सगुणे!” म्हणून ओरडले, तिनं मागे पाहिलं नाही. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता. डोळे माझ्यावर नव्हतेच. विमानाच्या पिवळ्या पत्र्यावर होते. मी म्हणालो, “नका येऊ, बाई.” आवाज बाहेर आला की नाही, कोण जाणे.

ती पंखापाशी आली. एकदाच श्वास घेतला. आणि उजवा तळवा पत्र्यावर सपाट ठेवला.

काही झालं नाही.

मग सगळं भराभर झालं. इस्माईल धावला, ज्वाळांवर फवारा मारला, त्या मागे हटल्या. कुणीतरी पुढे केलेल्या पहारीनं त्यानं पत्रा उचकटला, सगुणाबाईनं माझ्या काखेत हात घालून मला ओढलं. घोटा मोडल्याचा कडकन आवाज मी ऐकला, पण दुखलं ते नंतर. त्यांनी मला बांधापलीकडे नेऊन टाकलं, आणि आम्ही मागे वळून पाहतो तो गवतातली उरलेली आग गळणाऱ्या पेट्रोलपर्यंत पोचली होती. विमान भडकलं. काळा धूर नागपूरपर्यंत दिसला असेल असं वाटण्याजोगा.

जीप परत आली तेव्हा देविदास तिच्यात होता. पाठीमागे सायकल बांधलेली. पहाटे निघाला खरा, पण नाल्यात चाक पंक्चर झालं, म्हणून सायकल ढकलत सडकेपर्यंत गेला होता. त्यानं खटका ओढला आणि वळला, तर गावाच्या दिशेला धूर. विमान, धूर आणि आई पाहून तो बिचारा जीपमधून उडी टाकून आईकडे धावला.

निंभारीतल्या एकाही माणसानं पुढे चौकशीत त्याचं नाव घेतलं नसतं. अण्णाजींनी सगळ्यांना तसं बजावलंही होतं. पण दुपारी खात्याचे साहेब आले, तेव्हा देविदास स्वतःच पुढे झाला आणि लाईन आपण चालू केली होती असं सांगून त्यानं किल्ली त्यांच्या हातात दिली. नोकरी गेली. गावात दिवा लागायला आणखी पुष्कळ दिवस लागले. जळलेल्या शेताचं नुकसान झालं ते वेगळंच. आमच्या कंपनीच्या मालकाला मी सगळी हकिकत सांगितली. तो व्यवहारी माणूस होता. म्हणाला, तारा ओळखणारा माणूस आपल्याला हवाच आहे. देविदास मग आमच्याकडे लागला. विमान जिथे जायचं तिथे आदल्या दिवशी पोचून, नवी तार कुठे चढली आहे का ते पाहायचं आणि खांबांना तांबडी फडकी बांधायची, हे त्याचं काम. तो होता तोवर आमचं एकही विमान तारेला लागलं नाही. मीही पुन्हा उडलो, आणखी बरीच वर्षं.

पण मला सांगायचं आहे ते देविदास आमच्याकडे लागण्याच्या आधीचं. मी यवतमाळच्या इस्पितळात होतो. पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. आई नागपूरहून आली होती. एका दुपारी सगुणाबाई दारात उभी दिसली. पदरात सीताफळं बांधून आणली होती. आईनं तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, तर ती उठून खालीच बसली. मग आईही खाली बसली. दोघी सीताफळं फोडून खात बराच वेळ बोलल्या: माझ्या लहानपणाबद्दल, देविदासच्या लहानपणाबद्दल. देविदासची नोकरी गेल्याचं तिनं सांगितलं ते असं, जणू शेजाऱ्याच्या मुलाचं सांगतेय. “जाऊ द्या. हात-पाय हायेत त्याले,” म्हणाली.

आई चहा सांगायला बाहेर गेली, तेव्हा मी मनातलं विचारलं. इतके दिवस ते डोक्यात घोळत होतं.

“बाई, त्या दिवशी तार बंद झाली हे तुम्हाला नक्की कसं कळलं? आवाज थांबला म्हणून?”

“आवाज कोठी ऐकू येत होता जी? लोकं किती कल्ला करत होते.”

“मग? तुम्ही इस्माईलला ठासून सांगितलंत, देविदास पोचला म्हणून.”

तिनं सीताफळाच्या बिया हातात गोळा केल्या. सांडू नयेत म्हणून मूठ मिटली.

“नाई जी साहेब,” ती म्हणाली. “मले काय माहीत? माहीत असतं, तर इस्माईलभाऊलेच जाऊ देलं असतं.”